साथीच्या काळातली माध्यमिक शाळा : कोणती साधनं खरंच उपयोगी, कोणती नुसती दिसायला

चाळीस मुलांचा वर्ग, दारं-खिडक्या बंद आणि तास सुरू होऊन अर्धा तास झालेला. अशा वर्गात कार्बन डायऑक्साइड मोजणारा हाताएवढा मीटर ठेवला, तर आकडा २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) पुढे गेलेला दिसतो. बाहेर मोकळ्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो. एका बाजूची खिडकी आणि समोरचं दार उघडलं की पाच-दहा मिनिटांत आकडा झरझर उतरतो. साथीत शाळा सुरू ठेवायची तर बाजारात बरंच काही मिळतं, पण पहिली खरेदी या मीटरची व्हावी असं आमचं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. श्वासातून फैलावणारा विषाणू बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म थेंबांवर बसून हवेत जातो आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहू शकतो. कार्बन डायऑक्साइडही त्याच श्वासातून येतो, म्हणून मीटरचा आकडा खोलीत इतरांचा किती श्वास कोंडलाय ते सांगतो. कोविडच्या सुरुवातीला सगळा भर हात धुण्यावर आणि बाक पुसण्यावर होता. कोंदट, गर्दीच्या खोलीत हवेवाटे संसर्ग होतो ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीत स्पष्ट शब्दांत यायला २०२१ साल उजाडलं. तोवर शाळांचे बरेच पैसे फवारणी आणि दारावरच्या देखाव्यात गेले होते. पुढची साथ श्वसनाचीच असली तर हा क्रम उलटा हवा.

मीटर घेताना त्याच्या पोटातला सेन्सर कोणता आहे ते आधी बघा. ‘एनडीआयआर’ म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर हवा. स्वस्त मीटरवर ‘ईसीओटू’ असं लिहिलेलं असतं. तो हवेतल्या इतर वायूंवरून अंदाज बांधतो, मोजत काहीच नाही. ओळखायची खूण सोपी आहे : हाताला सॅनिटायझर लावून तो हात मीटरजवळ न्या. आकडा उसळला तर मीटर बाद. खऱ्या सेन्सरला अल्कोहोलचं काही पडलेलं नसतं, त्यावर फुंकर मारली तरच आकडा वर जातो.

दुसरी गडबड आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर स्वतःच आपला आकडा जुळवून घेतो त्याची. बरेचसे मीटर गेल्या काही दिवसांतला सर्वात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं धरून चालतात. वर्ग रात्रंदिवस बंद राहिला आणि आकडा कधी ६०० खाली गेलाच नाही, तर मीटर त्या ६०० लाच ४०० समजू लागतो आणि पुढे सगळं कमी दाखवतो. म्हणून आठवड्यातून एकदा तो अर्धा तास मोकळ्या हवेत, उन्हाबाहेर ठेवावा. तिथे ४०० ते ४५० दाखवला तर ठीक.

तो ठेवायचा कुठे? बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकी, दार आणि पंख्याच्या झोतापासून दूर, कुणाच्या तोंडापासून हातभर तरी लांब. शिक्षकाच्या टेबलावर ठेवला तर तो शिक्षकाचाच श्वास मोजतो. ८०० खाली असेल तर वर्गाची हवा चांगली खेळती आहे. त्याच्या वर गेला की आणखी एखादी खिडकी उघडायची आणि १,५०० ओलांडले की तास थांबवून वर्ग मोकळा करायचा. ब्रिटनमध्ये २०२१ साली शासनाने शाळांसाठी सुमारे तीन लाख मीटर देण्याची योजना आखली, तेव्हा हवा सुधारा असं सांगणारी रेषा १,५०० चीच होती. श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४०,००० पीपीएम असतो. त्या हिशेबाने वर्गात ८०० असतील तर आत घेतलेल्या हवेचा जवळपास १ टक्का आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो, आणि २,००० ला तो ४ टक्क्यांवर जातो. हा हिशेब नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवला तर खिडक्या उघडायला सांगावं लागत नाही.

मीटर प्रत्येक वर्गात नसला तरी चालतो. चार-पाच मीटर घेऊन आलटून पालटून प्रत्येक वर्गात दोन-तीन दिवस ठेवले, की कोणती खोली कोंदते आणि कुठल्या तासाला कोंदते ते कळतं. नोंद वहीत ठेवावी : वेळ, मुलांची संख्या, उघड्या खिडक्या, आकडा. तासाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन आकडे पुरतात.

खिडक्या विकत आणाव्या लागत नाहीत, पण दुरुस्त कराव्या लागतात. गंजलेल्या कड्या, रंगाने चिकटलेली तावदानं, बाहेरून ठोकलेल्या फळ्या हे सगळं मुलं यायच्या आधी निघायला हवं. हवा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. एकाच भिंतीवरच्या चार खिडक्या उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन बऱ्या. थंडीत पूर्ण उघडणं जमत नसेल तर वरची झडप सतत उघडी ठेवावी आणि दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत सगळं सताड उघडावं. छताच्या पंख्याबद्दल मोठा गैरसमज आहे. खिडक्या बंद असताना तो आतलीच हवा ढवळतो, बदलत नाही. तेवढ्याच ताकदीचा पंखा खिडकीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवला तर तो आतली हवा ओढून बाहेर फेकतो आणि दारातून नवी हवा येते. भोवतीची फट मात्र पुठ्ठ्याने बंद करावी, नाहीतर फेकलेलीच हवा कडेने परत आत शिरते.

एअर कंडिशनरचंही तेच. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही, खोलीतलीच गार करून परत सोडतो. मे २०२० मध्ये जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेत हे महागात पडलं. शाळा उघडल्यावर लगेच उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती तीन दिवस उठवली गेली, ३५ ते ३८ मुलांच्या भरलेल्या वर्गांत एसी सतत चालू राहिले. पुढे तिथले १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित आढळले. एसी लावायचाच असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवूनच. वीज वाया जाते हे खरं, पण साथीत तो खर्च सोसावा.

जिथे खिडक्यांनी भागत नाही तिथे हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण पकडणाऱ्या फिल्टरचा एअर प्युरिफायर. या यंत्राबद्दल आमचं मत चांगलं आहे, तक्रार आहे ती मापाबद्दल. खोक्यावर ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ असं लिहिलेलं असतं, तिकडे बघूच नका. सीएडीआर हा आकडा बघा, म्हणजे ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते ते. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्गात १४४ घनमीटर हवा मावते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ साली घालून दिलेलं ताशी किमान पाच वेळा हवा बदलण्याचं उद्दिष्ट धरलं, तर ७२० घनमीटर ताशी लागतात. दर माणशी सेकंदाला १० लिटर ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस धरली, तर चाळीस मुलांच्या वर्गाला तोच आकडा १,४४० होतो. घरगुती खोलीसाठीचा लहान प्युरिफायर या वर्गात ठेवून काही साधत नाही.

त्यात आणखी एक खोच आहे. छापलेला सीएडीआर सर्वात वरच्या वेगाचा असतो. त्या वेगाला यंत्र इतकं घोंघावतं की मागच्या बाकावर शिकवणं ऐकू येत नाही, मग दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ते खालच्या वेगावर आणतं किंवा बंद करतं. म्हणून एक मोठं यंत्र जोरात चालवण्यापेक्षा दोन यंत्रं मधल्या वेगावर, वर्गाच्या दोन टोकांना चालवावीत. खरेदीआधी मधल्या वेगाचा सीएडीआर आणि आवाज किती हे विक्रेत्याला लेखी विचारा. आयोनायझर, प्लाझ्मा, ओझोन अशी जोड असेल तर ते यंत्र नको. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो आणि दम्याच्या मुलांना सर्वात आधी. फिल्टरआधीची जाळी पंधरा दिवसांनी झटकावी. खडूच्या धुळीने ती भरते आणि हवेचा झोत निम्म्यावर येतो.

प्युरिफायर चालू असला तरी कार्बन डायऑक्साइड मीटरचा आकडा खाली येत नाही, याची शिक्षकांना आधीच कल्पना द्यावी. फिल्टर विषाणू आणि धूळ पकडतो, वायू तसाच राहतो. ‘यंत्र बिघडलंय’ असं समजून ते बंद केलं जाण्याचं हे नेहमीचं कारण.

पैशाची ओढाताण असेल तर कोर्सी-रोझेन्थाल खोकं. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थाल यांच्या नावाने २०२० पासून ओळखला जाणारा हा घरी करता येण्याजोगा प्युरिफायर आम्हाला मनापासून आवडतो. वीस इंची चौकोनी पंखा, त्याच मापाचे मर्व्ह-१३ दर्जाचे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची श्रेणी) चार फिल्टर, तळाला पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टी एवढंच सामान. चार फिल्टर उभे करून चौकोन बांधायचा, वर पंखा ठेवायचा, तोही वरच्या बाजूला हवा फेकेल असा. फिल्टरच्या कडेवरचा बाण आतल्या दिशेने हवा. बहुतेक चुका इथेच होतात. प्रत्येक सांधा चिकटपट्टीने वरून-खालून बंद करायचा आणि पंख्याच्या तोंडावर मधोमध गोल भोक असलेला पुठ्ठा लावायचा, कारण पंख्याच्या चारही कोपऱ्यांतून हवा उलटी आत खेचली जाते. नीट बांधलेलं खोकं ताशी हजार घनमीटरच्या आसपास स्वच्छ हवा देतं. विज्ञानाच्या एका जोडतासात मुलं ते बांधू शकतात. वायर मात्र वाटेत येऊ देऊ नका, आणि फिल्टर गडद राखाडी झाले की बदला.

मास्कच्या बाबतीत माध्यमिक शाळेचा प्रश्न प्राथमिकपेक्षा सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं की १२ वर्षांपुढच्या मुलांनी मोठ्यांच्याच नियमाने मास्क वापरावा. एन९५ किंवा एफएफपी२ सर्वात चांगला, तीन पदरी सर्जिकल त्याखालोखाल, एकपदरी कापडी सर्वात शेवटी. पण खरा फरक पडतो तो बसण्याने. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवायची, मग जोरात श्वास सोडायचा. चष्म्यावर वाफ धरली किंवा गालाशी वारा लागला तर मास्क गळतोय. बारा-तेरा वर्षांच्या चेहऱ्याला मोठ्यांचं माप सैल पडतं, म्हणून दोन मापं मागवावीत. झडपेचा मास्क शाळेत नको, त्यातून सोडलेला श्वास न गाळताच बाहेर येतो. ओला झालेला मास्क बदलायला वर्गात जादा ठेवावेत. खेळाच्या तासाला मैदानात मास्क काढू द्यावा, धापा टाकताना तो लगेच भिजतो.

शिक्षकाच्या मास्कसाठी एक जोडवस्तू आम्ही आवर्जून सुचवतो : कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कॉलरचा माइक. मास्कमधून आवाज पोहोचत नाही, म्हणून शिक्षक एकतर ओरडतात किंवा मास्क हनुवटीवर ओढतात. ओरडण्याने हवेत जाणारे सूक्ष्म थेंब अनेक पटींनी वाढतात. कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीमध्ये मे २०२१ ला एका शिक्षकाने लक्षणं असताना, मास्क काढून वर्गात मोठ्याने वाचन केलं. वर्गातल्या २४ पैकी १२ मुलांना संसर्ग झाला. पहिल्या दोन रांगांतल्या १० पैकी ८ जण त्यांत होते. ती प्राथमिक शाळा होती, पण फळ्यासमोर उभं राहून मोठ्याने बोलणं माध्यमिकमध्ये दिवसभर चालतं. माइक प्रत्येकाचा वेगळा असावा.

आता दारावरच्या वस्तू. कपाळावर रोखायची तापाची बंदूक आमच्या लेखी जवळजवळ निरुपयोगी. उन्हातून चालत आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं, घामाने भिजलेलं कपाळ थंड लागतं, आणि गार खोलीतून आणलेली बंदूक बाहेरच्या हवेला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चुकीचाच आकडा देते. संसर्ग असलेल्या पुष्कळ मुलांना तापच नसतो, काहींना घरून तापाची गोळी देऊन पाठवलेलं असतं. वेळेचा हिशेबही करा : ६०० मुलं, प्रत्येकी १० सेकंद, एक बंदूक, म्हणजे १०० मिनिटं. तेवढी रांग फाटकाशी दाटीवाटीने उभी राहते. त्यापेक्षा घरीच लक्षणं तपासून आजारी मुलाला न पाठवणं परिणामकारक. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ऑनलाइन सर्वेक्षणावरून काढलेल्या निष्कर्षात रोजच्या लक्षण-तपासणीचा धोका कमी होण्याशी स्पष्ट संबंध दिसला. त्यासाठी एकच पथ्य : आजारपणाची गैरहजेरी मुलाला नडता कामा नये. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस चालू ठेवलं तर तापलेलं मूल शाळेत येणारच.

त्याच अभ्यासात बाकांवरच्या प्लास्टिक पडद्यांचा उलटाच संबंध आढळला : ते असलेल्या ठिकाणी धोका थोडा जास्त. पडदा समोरून उडालेला थेंब अडवतो, पण हवेची वाटही अडवतो. कार्यालयाच्या खिडकीवर एखादा ठीक, वर्गात नको. दारातला निर्जंतुकीकरण बोगदा तर सरळ परत पाठवा. माणसांवर रसायन फवारू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. डोळे, त्वचा, श्वासनलिका सगळ्यांना इजा होते आणि आतल्या विषाणूला धक्काही लागत नाही.

सॅनिटायझर ठेवावा, पण हिशेबाने. अल्कोहोल ६० टक्क्यांहून कमी असेल तर घेऊ नका, आणि घटकांत मिथेनॉल नाही याची खात्री करा. एका वेळी ३ मिलिलिटर, दिवसातून चार वेळा, चाळीस मुलं, म्हणजे एका वर्गाला रोज अर्ध्या लिटरच्या जवळपास. हा आकडा न काढल्याने महिन्याभरात डबे रिकामे पडतात आणि मग कुणीतरी पाणी घालतं. पाणी घातलेला सॅनिटायझर नसल्यात जमा. मैदानावरून मातीचे हात घेऊन आलेल्यांना साबण-पाणीच हवं. प्रयोगशाळेच्या दारात सॅनिटायझर अजिबात ठेवू नका. ओल्या हाताने बर्नर पेटवला तर हाताच्या पंजाला आग लागते आणि अल्कोहोलची ज्योत उजेडात धड दिसतही नाही. तिथे साबणाने हात धुऊन, पुसून, मगच काम.

पुसण्यासाठी ५ टक्क्यांचं ब्लीच पुरतं. दहा लिटरच्या बादलीत २०० मिलिलिटर ब्लीच, बाकी थंड पाणी, म्हणजे ०.१ टक्का. रोज नवं करायचं, कारण उरलेल्याची ताकद झपाट्याने उतरते. आधी साबणाच्या फडक्याने मळ काढायचा, मग हे लावून किमान एक मिनिट ओलं ठेवायचं. लगेच कोरडं केलं तर काही उपयोग नाही. संडास साफ करण्याच्या ॲसिडबरोबर ते कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. दिवसातून एकदा, मुलं गेल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून पुसलं की पुरे. संगणकाच्या कळफलकावर ब्लीच नको. यंत्र बंद करून ७० टक्के अल्कोहोलने भिजवलेल्या, पिळलेल्या फडक्याने पुसावं.

शिक्षकांची खोली सगळ्यांच्या नजरेतून सुटते. वर्गात नियम पाळणारी दहा-बारा मोठी माणसं लहानशा खोलीत मास्क काढून एकत्र जेवतात आणि मग दहा वेगवेगळ्या वर्गांत जातात. एकच मीटर असेल तर पहिला आठवडा तो इथे ठेवा. प्युरिफायर जेवणाच्या टेबलाजवळ हवा, कपाटामागे नाही. जेवणाच्या पाळ्या कराव्यात, शक्य तेव्हा बाहेर जेवावं. तसंच वेळापत्रकातही मुलांनी खोल्या बदलण्याऐवजी शिक्षकांनी बदलाव्यात. ऐच्छिक विषयांमुळे मुलं मिसळतातच, निदान त्या तासांना सर्वात हवेशीर खोल्या द्याव्यात.

अँटिजेन चाचणीचे संच उपयोगी आहेत, फक्त एकदा करून भागत नाही. लक्षणं असून चाचणी निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करायची. इंग्लंडमध्ये मार्च २०२१ ला माध्यमिक शाळा उघडताना मुलांच्या शाळेतच तीन चाचण्या झाल्या, दोन चाचण्यांत ३ ते ५ दिवसांचं अंतर ठेवून, आणि पुढे घरी आठवड्याला दोन. संच थंड किंवा तापलेल्या खोलीत उघडले तर रेघ चुकीची येते, म्हणून आधी अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवावेत. निकाल पत्रकात दिलेल्या मिनिटांतच वाचावा. तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. साथ ओसरलेली असताना चाचणी सरसकट केली तर खोटे पॉझिटिव्हही निघतात : कुणालाच संसर्ग नसलेल्या हजार मुलांत, ९९.५ टक्के अचूक नकार देणारा संचसुद्धा पाच जणांना बाधित ठरवेल. त्यांची पीसीआर करून घ्यावी आणि तोवर वर्गात नावं पुकारू नयेत.

दीर्घ बंदनंतर शाळा उघडताना दोन-तीन दिवस आधी एक काम करा, त्याला पैसेही लागत नाहीत. टाक्या धुऊन प्रत्येक नळ काही मिनिटं वाहू द्या. साचलेल्या पाण्यात लीजिओनेलासारखे जीवाणू वाढतात. तुषार उडत असतील तर सोडणाऱ्याने मास्क घालावा. प्रयोगशाळेच्या बेसिनखालचे वाकडे पाइपही सुकलेले असतात आणि गटाराचा वास वर येतो, म्हणून प्रत्येकात तांब्याभर पाणी ओता.

शेवटची खोली आजारी पडलेल्या मुलासाठी. ती तळमजल्यावर, बाहेर उघडणाऱ्या खिडकीची, वाहनापर्यंत वर्गांसमोरून न जाता पोहोचता येईल अशी हवी. खिडकी उघडी, व्हरांड्याकडचं दार बंद, प्युरिफायर पूर्ण वेगावर, इथे आवाजाची फिकीर नाही. मुलाला श्वास घेणं जमत असेल तर मास्क, सोबतच्या मोठ्या माणसाला एन९५. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर जवळ ठेवावा, पण बोट गार असलं किंवा नखाला रंग असला तर तो चुकतो आणि गडद त्वचेवर प्रत्यक्षाहून थोडा जास्त आकडा दाखवू शकतो. हात चोळून गरम करा, अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. ९४ खाली असेल किंवा मूल एका दमात वाक्य पूर्ण करू शकत नसेल तर पालकांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं. मूल गेल्यावर खिडकी आणि प्युरिफायर तसेच चालू ठेवून खोली तासभर रिकामी सोडायची, मग पुसायची.